वीरगळात नसलेला कप्पा

लातूर-धाराशिव भागात जुन्या देवळाच्या आवारात एखादा तरी वीरगळ भेटतोच. कुठे शेंदूर फासून त्याचा देव केलेला असतो, कुठे तो पाराला टेकवून ठेवलेला असतो आणि म्हातारी माणसे त्याला पाठ लावून बसतात. दगड एकच, कप्पे तीन किंवा चार. खालच्या कप्प्यात लढाई असते : ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी पायाशी गाई. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा वीराला स्वर्गात घेऊन चाललेल्या असतात. त्याच्याही वर वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

हा दगड मी लहानपणापासून पाहत आलो. त्यात एक कप्पा नाही, हे मात्र फार उशिरा लक्षात आले. लढाई आणि स्वर्ग यांच्या मधे काहीच नाही. जो पडला तो वर गेला. जो उरला, ज्याच्या हातात बंदूक तशीच राहिली आणि ज्याला घरी जायला अजून वर्ष-दोन वर्षे होती, त्याचे पुढे काय झाले, हे दगड सांगत नाही.

आपल्या इतिहासलेखनाची घडणही बरीचशी अशीच आहे. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ला झाली, हे आमच्या भागातल्या शाळकरी पोराला ठाऊक असते. पुढच्या वर्षीचे पानिपत तर सगळ्या महाराष्ट्राला. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या मुंबई इलाख्यातल्या कितीतरी गावांत सरकारने संगमरवरी पाट्या लावल्या. त्यांवर दोनच आकडे असतात : या गावातून किती जण गेले आणि किती कामी आले. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरतात ते परतलेले. त्यांची नोंद म्हणजे ही वजाबाकी.

युद्ध थांबल्यानंतर आणि घरी परतण्याआधी परमुलखात काढलेल्या काळाबद्दल मला या लेखात लिहायचे आहे. त्यासाठी दोन ठिकाणे निवडली आहेत : १९४६-४७ चा जपान आणि १९५३-५४ चा कोरिया. दोन्हीकडे मराठी माणसे होती आणि दोन्हीकडे त्यांचे काम लढण्याचे नव्हते. लातूरच्या माणसाने एवढ्या लांब का जावे, असे कुणी विचारील. मला तिकडे लातूरनेच पाठवले. ते कसे, हे आधी सांगतो.

*

हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवस. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि ते योग्यच आहे. रझाकारांच्या काळात इथल्या गावांनी काय सोसले, याच्या आठवणी घराघरांत आहेत. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा तो आमच्या लातुरात, ही गोष्टही इथे कुणी विसरत नाही.

१७ सप्टेंबरनंतरचे आठवडे मात्र आपल्या बोलण्यात येत नाहीत. कारवाई संपल्यावर संस्थानातल्या अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मिळून किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा सरकारने मानला नाही आणि अहवाल अनेक दशके प्रसिद्धही झाला नाही. आकड्यावर वाद घालता येईल. मला अडवले ते अहवालातल्या लष्कराविषयीच्या भागाने. काही ठिकाणी शिपायांनी लुटीला हात दिला, त्याहून वाईटही केले, असे तो म्हणतो. आणि तोच अहवाल असेही सांगतो की, पुष्कळ ठिकाणी शिपायांनी मुसलमानांना वाचवले, त्यांच्याभोवती पहारा दिला.

तेच सैन्य, तोच महिना, तोच मुलूख. मग एका गावात शिपाई घरासमोर उभा राहून ते वाचवतो आणि दुसऱ्या गावात आग लागते, हे कशामुळे? गोळीबार थांबल्यावर शिपाई नेमका कोण असतो? हा प्रश्न घेऊन मी भारतीय सैन्याच्या त्याच दशकातल्या इतर अशा काळांकडे पाहू लागलो. जपान आणि कोरिया असे पुढे आले.

*

सुरुवात ब्रह्मदेशापासून करावी लागेल. जानेवारी १९४५ च्या अखेरीस आराकानच्या किनाऱ्यावर कंगाव इथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तिथल्या एक्कावन्नाव्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक भारतीय होते, आणि त्या काळात ही अपूर्व गोष्ट होती. एक लेफ्टनंट कर्नल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे, पंजाब रेजिमेंटच्या पलटणीवर. दुसरे एल. पी. सेन, बलुच रेजिमेंटच्या पलटणीवर. तिसरे कोडगूचे के. एस. थिमय्या, आठव्या बटालियनवर. आणि ती बटालियन होती एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची. तिघांनाही ‘डीएसओ’ हा शौर्यसन्मान मिळाला.

या रेजिमेंटच्या नावापाशी मराठवाड्याच्या वाचकाने थोडे थांबावे. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली चालणारी जी ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौज होती, तिच्या छावण्या हिंगोली, जालना आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, होत्या. १९०३ च्या सुमारास ही फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात मिसळली आणि तिच्या पायदळातून पुढे एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली. भरती हळूहळू उत्तरेकडे, कुमाऊंकडे सरकली. नाव तेवढे हैदराबादचे राहिले. १९४५ च्या ऑक्टोबरात तेही बदलून कुमाऊं रेजिमेंट झाले. मराठवाड्याच्या छावण्यांत मूळ असलेल्या रेजिमेंटची एक पलटण जपान्यांशी लढली ती शेवटी अशी.

कंगावला जपान्यांशी लढलेले थिमय्या पुढच्याच वर्षी जपानमध्ये होते.

जपानने १५ ऑगस्ट १९४५ ला शरणागती जाहीर केली आणि २ सप्टेंबरला तिच्यावर सह्या झाल्या. देशाचा ताबा मुख्यतः अमेरिकेकडे गेला. १९४६ च्या सुरुवातीपासून त्यात ब्रिटिश राष्ट्रकुलाचेही दल सामील झाले : ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड आणि भारत. त्याचे ठाणे कुरे या बंदरात. भारतीय आणि ब्रिटिश पलटणी मिळून एक डिव्हिजन होती. तिचे मुख्यालय ओकायामाला आणि सेनापती मेजर जनरल कॉवन. डिव्हिजनमधली भारतीय ब्रिगेड म्हणजे २६८ वी. थिमय्या तिचे नेतृत्व करत होते. तिच्यात तीन पलटणी होत्या : पहिल्या पंजाब रेजिमेंटची पाचवी, पाचव्या गुरखा रेजिमेंटची दुसरी आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली.

ही मराठा पलटण इटलीतून आलेली. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या काठावर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगांतून अलीकडे आणले, मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अहमदनगर जिल्ह्यातला हा तरुण मराठी वाचकाला ठाऊक असतो. वीरगळाचा खालचा कप्पा त्याच्यासाठी तयारच आहे. पण पलटणीतले शेकडो लोक त्यानंतर वर्षभराने कुरेच्या धक्क्यावर उतरले, त्यांच्यासाठी कोणता कप्पा?

कुरे हे जपानी आरमाराचे मोठे बंदर. बॉम्बहल्ल्यांत गोदी उद्ध्वस्त झालेली, पाण्यात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे. तिथून हिरोशिमा वीसेक किलोमीटरवर. ६ ऑगस्ट १९४५ ला काय झाले होते ते शिपायाला कळायला पुस्तक लागले नसेल. शहर जिथे होते तिथे सपाट माळ होता. माण-खटाव, नगर, सोलापूरकडच्या शिपायाला ओसाड माळ नवा नव्हता. पण तो माळ पावसाअभावी होतो हे त्याला माहीत होते.

काम काय होते? जपानी सैन्याची शस्त्रे आणि दारूगोळा गोळा करून नष्ट करणे. कोठारे, पूल, बंदरे यांवर पहारा. परदेशांतून लाखो जपानी सैनिक आणि नागरिक जहाजांनी मायदेशी परतत होते. त्यांच्या उतरण्यावर देखरेख. कोरियातून चोरट्या होड्यांनी येणाऱ्यांना किनाऱ्यावर अडवणे. १० एप्रिल १९४६ ला जपानमध्ये निवडणूक झाली आणि जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिले. दल येऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना मतदानकेंद्रांची पाहणी करणे हेही त्याच्याकडे आले. ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. ज्या हिंदी शिपायाला स्वतःच्या देशात मताचा अधिकार नव्हता, त्याच्या देखरेखीखाली हरलेल्या देशातल्या बायका मत देत होत्या. इंग्रजांच्या राज्यात मत मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून असे. सगळ्या प्रौढांना ते मिळायला प्रजासत्ताकाची वाट पाहावी लागली.

टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यावर राष्ट्रकुलाच्या पलटणी पाळीपाळीने पहारा देत. त्यांत भारतीय शिपाईही असत. कंगावला आणि इंफाळला ज्या सम्राटाच्या नावाने जपानी सैनिक मरायला तयार होत, त्याच्याच दारावर हा शिपाई आता पहारेकरी होता. पहारा कुणाचा कुणापासून, हे त्यालाही नीट सांगता आले नसते.

वरून सक्त हुकूम होता की जपानी लोकांशी सलगी करायची नाही, त्यांच्या घरांत जायचे नाही. हुकूम कागदावर सोपा होता. प्रत्यक्षात जपान १९४६ साली उपाशी होता. छावणीबाहेर उष्ट्यासाठी थांबलेली पोरे, सिगारेटच्या पाकिटावर चालणारा काळाबाजार, पोटासाठी देह विकणाऱ्या बायका. राष्ट्रकुलाच्या दलातल्या सगळ्यांचे वर्तन निर्मळ होते असे म्हणता येणार नाही. काळाबाजार, मारहाण, गुप्तरोग हे दलाच्या डोकेदुखीचे विषय होते. विजेत्याच्या हाती अन्न असते आणि हरलेल्याच्या हाती काही नसते, तेव्हा शिस्तीची खरी परीक्षा सुरू होते. लढाईत भीती माणसाला सरळ ठेवते. इथे सरळ ठेवायला फक्त हुकूम आणि स्वतःची लाज होती.

२१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे नानकाईचा मोठा भूकंप झाला, समुद्र आत शिरला, हजाराहून जास्त माणसे गेली. सर्वाधिक नुकसान शिकोकू बेटावर आणि आसपास झाले, आणि तो मुलूख राष्ट्रकुलाच्या दलाच्या ताब्यातला होता. काल ज्यांची शस्त्रे हिसकून घेतली त्यांनाच तंबू, औषधे पोचवणे हे आज काम झाले. लातूरच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची घरे माणसांवर कोसळली, तेव्हा दगडमातीचे ढिगारे उपसणारे जवान आम्ही पाहिले आहेत.

जपानमधल्या हिंदी शिपायाच्या मनावर आणखी एक ओझे होते, आणि ते देशातून येत होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचे बंड झाले. ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटले. पुढे फाळणी ठरली आणि सैन्याचीही वाटणी ठरली. ज्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये मराठे आणि पंजाबी पलटणी एकत्र पहारा देत होत्या, त्यांपैकी पहिली पंजाब रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारतीय दल १९४७ साली जपानमधून परतले. त्याच ऑक्टोबरात काश्मीर पेटले. हरलेल्या शत्रूच्या देशात शेजारीशेजारी शांतपणे राहिलेल्या दोन पलटणी घरी येताच दोन देशांच्या झाल्या.

*

कोरियाचे युद्ध २५ जून १९५० ला सुरू झाले. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला शस्त्रसंधी झाली. मधली दोन वर्षे वाटाघाटी रखडल्या त्या मुख्यतः एका प्रश्नावर : युद्धबंद्यांचे काय करायचे? बंद्यांना परत पाठवायचे हा नेहमीचा नियम. पण अमेरिकेच्या बाजूने पकडलेल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई बंद्यांनी परत जायचे नाही असे सांगितले, किंवा त्यांच्याकडून तसे सांगवले गेले. भारताने संयुक्त राष्ट्रसंघात १९५२ च्या अखेरीस तोडगा मांडला. कृष्ण मेनन यांनी त्यासाठी बरीच खटपट केली. शेवटी ठरले ते असे : अशा बंद्यांना तटस्थ देशांच्या आयोगाच्या हवाली करायचे, त्यांच्या देशांच्या प्रतिनिधींनी येऊन त्यांना समजावायचे आणि मग प्रत्येकाने स्वतः निवड करायची. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्ष भारताचा, आणि बंद्यांना सांभाळण्याचे सैन्यही एकट्या भारताचे.

अध्यक्ष झाले थिमय्या. सांभाळणाऱ्या दलाचे सेनापती झाले मेजर जनरल थोरात. कंगावचे दोन सोबती आठ वर्षांनी पुन्हा एका कामावर आले. या वेळी जिंकायचे काहीच नव्हते.

सुमारे सहा हजारांचे हे दल १९५३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्रमार्गे निघाले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी जाहीर करून टाकले होते की, एकाही भारतीय शिपायाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही. भारत कम्युनिस्टांचा मित्र आहे असा त्यांचा संशय. त्यामुळे इंचॉन बंदरात जहाजे थांबली आणि तिथून अमेरिकेच्या ‘पॉइंट क्रूझ’ या विमानवाहू जहाजावरच्या हेलिकॉप्टरांनी शिपायांना थोडे थोडे करून वरच्यावर उचलून दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडले. हजारो माणसे अशी हवेतून. बंदोबस्ताला आलेल्या पाहुण्याला उंबरठाही ओलांडू न देणारे यजमान त्याने प्रथमच पाहिले असतील.

त्या पट्ट्यात तंबूंचे गाव उभे राहिले. त्याला नाव दिले ‘हिंदनगर’. बंद्यांच्या छावणीला ‘शांतीनगर’ म्हणत. काटेरी तारांची एकेक चौकट, एकेका चौकटीत पाचेकशे बंदी. दक्षिणेकडून २२ हजार ६०० हून थोडे जास्त बंदी ताब्यात आले. त्यांपैकी १४ हजार ७०० च्या आसपास चिनी, बाकी कोरियाई. उत्तरेकडून आलेले, म्हणजे दक्षिणेला परत न जाऊ इच्छिणारे, फक्त ३५९. त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश.

एका शिपायामागे साधारण चार बंदी. भाषा येत नाही. बंद्यांच्या आत आपापले पुढारी, आपापले झेंडे, आपापले दंडुके. कुणाला घरी परत जावेसे वाटले तर त्याने ते रात्री तारेवरून उडी मारूनच सांगायचे. आत कळले तर मार, कधी मरणही. आणि हे बंदी भारतीयांनाच शत्रू समजत. रोज दगडफेक, घोषणा, थुंकणे. हुकूम असा की गोळी हा शेवटचा उपाय. चौकटीत जायचे तर हत्याराविना.

२५ सप्टेंबर १९५३ ला चिनी बंद्यांच्या एका चौकटीत मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्याला बंद्यांनी धरून ठेवले. बाहेर भारतीय शिपाई बंदुका रोखून उभे. आत गोळी चालवली तर ग्रेवाल तर गेलेच असते, शेकडो बंदी मेले असते आणि भारताची सगळी मोहीम त्याच दिवशी संपली असती. थोरात मोजक्या लोकांसह, बिनहत्यारी, तारेच्या आत गेले. भोवती संतापलेला जमाव. त्यांनी काय केले ते पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितले गेले आहे : चिनी लोक पाहुणचारासाठी प्रसिद्ध आहेत असे आम्ही ऐकून होतो, पण इथे चहा-सिगारेटचेही नाव नाही, अशा अर्थाचे ते बोलले. जमाव चपापला. चहा आला, सिगारेट आल्या. बोलणे सुरू झाले आणि ग्रेवाल सुटले. या धैर्याबद्दल थोरातांना अशोक चक्र, दुसरा वर्ग, मिळाले. त्यालाच आज आपण कीर्ती चक्र म्हणतो.

मला या प्रसंगात थोरातांच्या हुशारीपेक्षा बाहेर उभा असलेला शिपाई जास्त आठवतो. त्याचा सेनापती आत, त्याचे बोट घोड्यावर, आणि काम एवढेच की बोट हलवायचे नाही. लढाईत कुणी गोळी चालवली तर ते कागदावर येते. न चालवलेल्या गोळीची नोंद कुणी ठेवत नाही.

हे प्रत्येक वेळी साधले असे नाही. ऑक्टोबरच्या पहिल्याच दोन दिवसांत बंद्यांनी उठाव केला, पहारेकऱ्यांनी गोळ्या चालवल्या आणि काही बंदी मेले. आत झालेल्या खुनांसाठी काही बंद्यांवर खटले सुरू झाले, तेही पुरे झाले नाहीत. हे लपवण्यासारखे नाही. पण गोळीबारानंतर चौकशी होत होती, पाच देशांचा आयोग बसत होता, जगाचे वार्ताहर कुंपणाला नाक लावून उभे होते. कुठली गोळी का चालली याचे उत्तर द्यावे लागत होते.

मग हिवाळा आला. पारा शून्याच्या खूप खाली उतरला. समजावणीसाठी नव्वद दिवस ठरले होते. १५ ऑक्टोबर ते २३ डिसेंबर या काळात भांडणे, बहिष्कार आणि अडवणूक होत होत समजावणी प्रत्यक्षात दहा दिवसच झाली. बाकी दिवस शिपायाने काय केले? पहारा दिला. शेकोटी पेटवली. रसद उतरवली, बंद्यांना शिधा पोचवला, आजाऱ्यांना उचलले. तारेच्या पलीकडचा माणूस रोज तोच. काही महिने एकाच माणसाचा चेहरा पाहिला की तो चिनी आहे की कोरियाई यापेक्षा तो आज जेवला की नाही हे आधी दिसू लागते, असे मला वाटते. पुरावा म्हणून मी हे मांडत नाही.

जानेवारी १९५४ च्या २० तारखेपासून उरलेल्या बंद्यांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या लष्कराकडे परत सोपवण्यात आले. त्यांतले बहुतेक चिनी तैवानला गेले. समजावणीतून किंवा रात्रीच्या उडीतून परत आपल्या देशी गेलेले सहाशेच्या थोडे वर. तोडगा फसला असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. आकड्यांनी पाहिले तर तसेच दिसते. पण ज्या भांडणावर दोन महासत्ता अडल्या होत्या ते तिथे विझले, आणि ते विझत असताना मधे उभे राहायला कुणी तरी लागले.

काही बंद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या. अशा ८८ जणांना घेऊन भारतीय दल फेब्रुवारीत परत निघाले आणि ‘अस्टुरियास’ जहाजाने मद्रासला पोचले. ज्यांना कुठेच जायचे नव्हते त्यांना आपला पहारेकरीच शेवटी आपल्या घरी घेऊन आला. पुढे त्यांतले बरेच ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, मोजके इथेच राहिले. दक्षिण कोरियाचे लेखक चोई इन-हुन यांच्या ‘चौक’ या अर्थाच्या नावाच्या, १९६० साली आलेल्या कादंबरीचा नायक असाच तटस्थ देश निवडणारा बंदी आहे. कोरियात ती आजही वाचली जाते. आपल्याकडे या प्रवासावर कुणी फारसे लिहिले नाही.

*

आता लातूरला परत येतो.

१९४८ च्या त्या दोन गावांमधला फरक काय होता, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. पण जपान आणि कोरिया पाहिल्यावर एक गोष्ट दिसते. गोळीबार थांबल्यावर शिपायाचे शहाणपण आपोआप येत नाही. ते कुणाला तरी उभारावे लागते. कोरियात ते मुद्दाम उभारलेले होते : काम काय आहे हे आधी लिहिलेले, गोळीचा नियम स्पष्ट, सेनापती स्वतः तारेच्या आत जाणारा, आणि झालेल्या चुकीचे उत्तर मागणारा कुणी तरी समोर बसलेला. जपानमध्ये हुकूम होते, वेळ होता, ठाणी होती. १९४८ च्या सप्टेंबरात सैन्याच्या फळ्या पाच दिवसांत हैदराबादपर्यंत धावल्या. मागे राहिलेल्या गावांत निजामाची अंमलदारी कोसळलेली आणि नवी अजून आलेली नव्हती. ज्या गावात समजूतदार नायक असलेली तुकडी थांबली, तिथे घरे वाचली असावीत. जिथे कुणी थांबलेच नाही, किंवा थांबलेल्याला आपले काम काय ते सांगणारे कुणी नव्हते, तिथे जुने हिशोब चुकते झाले. त्यात भर ही की कोरियात शिपायाचे कुणाशी वैर नव्हते. इथे मात्र शेजारच्याच घराशी वैर होते, आणि त्याला कारणेही होती.

थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले, चीनकडून असलेल्या धोक्याचा इशारा त्यांनी १९६२ च्या आधीच दिला होता, हे आपण लक्षात ठेवले आहे. ते ठेवायलाच हवे. पण १९५३ च्या त्या थंडीत त्यांच्या हाताखालच्या हजारो शिपायांनी केलेले काम आपण विसरलो. ते काम काही न घडू देण्याचे होते, आणि जे घडले नाही त्याचे शिल्प कोरता येत नाही.

आमच्या भागातल्या वीरगळांपाशी आता गेलो की माझे लक्ष दोन कप्प्यांच्या मधल्या पट्टीकडे जाते. तीन-चार बोटे रुंदीची, कोरी. पाथरवटाने ती वरचे आणि खालचे चित्र वेगळे दिसावे म्हणून सोडली. माझ्या मनात तिथे एक शिपाई उभा असतो. हातात बंदूक आहे, ती कुणावर रोखलेली नाही. समोर काटेरी तार, किंवा पडलेले बंदर, किंवा लातूरजवळच्या एखाद्या गावातले कुणाचे तरी घर. रात्र बरीच झाली आहे, आणि त्याची पाळी बदलायला अजून अवकाश आहे.